उरलेली कातडी

सव्वाशे किलोंचा माणूस सत्तरवर आला की चरबी जाते, कातडी मागे उरते. वर्षानुवर्षांच्या ताणाने तिच्यातले कोलाजेन आणि इलॅस्टिनचे तंतू तुटलेले, विरळ झालेले असतात आणि ते पूर्वीसारखे पुन्हा विणले जात नाहीत. ओपीडीत पहिला प्रश्न हमखास येतो, ‘व्यायामाने आवळणार नाही का हो?’ व्यायामाने स्नायू भरतात, म्हणून तो करायलाच हवा. पण जिची लवचीकताच गेली ती कातडी जिमने आवळत नाही, क्रीमने नाही की मालिशने नाही. वय कमी असेल, लठ्ठपणा थोड्याच वर्षांचा असेल तर थोडीफार आत जाते. बाकीची लोंबत राहते.

मी प्लास्टिक सर्जन. बॅरिअॅट्रिक सर्जरी करून, किंवा हल्ली इंजेक्शनं घेऊन, पन्नास-साठ किलो उतरवलेली माणसं माझ्याकडे येतात ती बहुधा घरच्यांना न सांगता. घरचे म्हणणार, ‘आता बारीक झालीस की! आणखी काय हवंय?’ साखर ताब्यात आली, गुडघे दुखायचे थांबले, जिना चढता येतो. हे सगळं खरं असतं. पण पोटाची घडी जांघेवर उतरलेली असते. तिच्याखाली हवा लागत नाही, घाम सुकत नाही, कातडी सोलवटते, बुरशी धरते. पावसाळ्यात तर वास येतो. ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन घडीखालची सुती कापडाची पट्टी दिवसातून तीनदा बदलणाऱ्या बाई मी पाहिल्या आहेत. पोट पँटमध्ये कोंबून वरून पट्टा आवळणारे पुरुष पाहिले आहेत. सलवारीची नाडी घडीच्या वर बांधली तर खाली फुगवटा दिसतो आणि घडीखाली बांधली तर रुतते. या माणसांनी वजन उतरवायला जे सोसलं ते सोसून झाल्यावर त्यांना हौशी ठरवलं जातं, याचा मला राग येतो.

विम्याचे नियमही तसेच. बीएमआय ४० असेल, किंवा ३५ असून सोबत गंभीर आजार असेल, तर लठ्ठपणाची शस्त्रक्रिया विम्यात बसू शकते. त्याच शस्त्रक्रियेमुळे उरलेल्या कातडीचा दावा मात्र ‘कॉस्मेटिक’ म्हणून परत येतो. आरोग्याला थेट धोका आहे आणि उपचार आवश्यक आहे हे डॉक्टरने दाखवून दिलं तर वाट उघडी असते, म्हणून मी त्वचारोगतज्ज्ञांचे कागद, चट्ट्यांचे फोटो, औषधांच्या चिठ्ठ्या जपून ठेवायला सांगतो. तरीही बहुतेकांना पैसे स्वतःच भरावे लागतात. आजाराचा एक टप्पा उपचारात धरायचा आणि दुसरा नटण्यामुरडण्यात टाकायचा, हे मला कधीच पटलेलं नाही.

आलेल्या माणसाला मी कातडी काढायच्या शस्त्रक्रियेची तारीख लगेच देत नाही. बॅरिअॅट्रिकनंतर वर्ष-दीड वर्ष जायला हवं आणि त्यातले शेवटचे तीन ते सहा महिने काटा एका जागी थांबलेला हवा. मग रक्त तपासायचं. बायपास झालेल्यांत जठराचा मोठा भाग आणि आतड्याचा सुरुवातीचा तुकडा अन्नाच्या वाटेतून बाजूला गेलेला असतो, त्यामुळे लोह आणि बी-१२ कमी सापडतात. प्रथिनं तर फार जणांची कमी असतात, कारण वाटीभर वरणातच पोट भरतं. प्रथिनं नसतील तर जखम भरणार कशाने? हिमोग्लोबिन नऊ असलेल्या बाईंना ‘तीन महिन्यांनी या’ सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो. तरी सांगावं लागतं. तंबाखूचंही तसंच. सिगारेट ओढत नाही असं सांगणारी बाई सकाळी मिश्री लावते की नाही, हे वेगळं विचारावं लागतं. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि टाक्यांच्या कडा काळ्या पडतात. निदान चार आठवडे आधी ते बंद झालं पाहिजे. इंजेक्शनवाल्यांची गोष्ट आणखी वेगळी. माउंजारो मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे आलं, वेगोव्ही त्याच वर्षी जूनमध्ये. या औषधांनी जठर सावकाश रिकामं होतं, त्यामुळे रात्रभर उपाशी राहूनही पोटात अन्न उरू शकतं आणि भुलीत ते फुप्फुसात जाण्याची भीती असते. भूलतज्ज्ञापासून हे लपवू नका, असं मी प्रत्येकाला बजावतो.

माझ्या मते या शस्त्रक्रियेचं अर्धं कसब थिएटरबाहेर पणाला लागतं, मार्किंगच्या वेळी. पेशंट आडवा झाला की कातडी बगलांकडे ओघळते आणि सगळी मापं खोटी ठरतात, म्हणून रेघा उभ्या माणसावर आखायच्या. खोलीत मी, सिस्टर, पेशंट आणि भिंतीवर मोठा आरसा. बाईंना रोजचा परकर घेऊन यायला सांगितलेलं असतं. नाडीचा वळ कमरेवर कुठे उमटतो ते आधी पाहायचं, कारण उद्याचा व्रण त्या वळावर आला तर नाडी त्याला आयुष्यभर घासत राहील. तो त्याच्या खालीच हवा. मग छातीच्या हाडापासून खाली मध्यरेघ. बेंबी या रेघेवर क्वचितच असते. ती बाजूला असेल तर आरशात दाखवून ठेवतो. त्यानंतर त्यांनाच दोन्ही हातांनी घडी वर उचलून धरायला सांगतो. खालची कातडी ताणात आली की जननेंद्रियापासून सहा-सात सेंटिमीटरवर खालची रेघ, तिथून दोन्हीकडे कमरेच्या हाडाकडे. ताण न देता आखलं तर व्रण नंतर वर सरकतो. वरची रेघ मात्र अंदाजाचीच. चिमटीत कातडी धरून, सोडून, पुन्हा धरून ती आखायची आणि टेबलावर खात्री केल्याशिवाय तिला हात लावायचा नाही.

एवढं वजन उतरलेल्यांची कातडी वरून खाली उरते तशीच आडवीही उरते. नुसत्या आडव्या छेदाने पोट सपाट होतं, कंबर मात्र सैलच राहते. ती आवळायची तर मधोमध उभा छेद घ्यावा लागतो आणि त्याचा व्रण पोटावर उघडा दिसतो. इथे मी गप्प राहतो. आकार हवा की व्रण टळायला हवा, हे ज्याच्या अंगावर तो राहणार त्याने ठरवायचं.

पोटावरची जास्तीची कातडी काढणं नवं नाही. १८९९ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हॉवर्ड केली यांनी तशी शस्त्रक्रिया नोंदवली होती. पण आजच्या कामाचा पाया टेड लॉकवूड या अमेरिकन सर्जनने घातला. कातडीखालच्या चरबीतून एक चिवट पापुद्रा सगळ्या धडावर आणि हातापायांवर पसरलेला असतो. १९९१ साली त्यांनी त्याची रचना मांडली आणि सगळा भार त्या पापुद्र्यावर घ्यायचा, हे शिकवलं. कातडीवर ताण दिला तर व्रण रुंदावतो, खाली उतरतो. म्हणून पहिले जाड टाके आत पापुद्र्याला घ्यायचे, ते आवळले की वरच्या कडा आपणहून एकमेकींना टेकल्या पाहिजेत. त्या ओढून आणाव्या लागल्या तर जास्त कापलं गेलं असं समजावं. किती काढलं यापेक्षा किती ठेवलं, हे मी शिकाऊ डॉक्टरांना आधी विचारतो.

आत गेल्यावर दिसतं की शरीराने जुना लठ्ठपणा जपून ठेवलेला आहे. चरबी गेली तरी तिला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या जाडच राहतात. नेहमीच्या पोटात ज्या ठिपक्याएवढ्या दिसतात त्या इथे काडीएवढ्या लागतात, आणि त्यातली एक नीट बांधायची राहिली तर रात्री पुन्हा थिएटर उघडावं लागतं. पोटावरची कातडी उचलली की मधून येणारा रक्तपुरवठा तुटतो आणि ती बाजूंनी, बरगड्यांकडून येणाऱ्या वाहिन्यांवर जगते. तिथे उगाच मोकळं करत गेलं तर मधला खालचा कोपरा मरतो. बेंबी मात्र हलत नाही. तिच्याभोवती गोल कापून ती देठासकट खाली तशीच ठेवायची, वरून कातडी खाली ओढून घ्यायची, बोटाने चाचपून देठ कुठे आहे ते पाहायचं आणि तिथे नवं तोंड करायचं. मी ते लहान आणि किंचित उभट ठेवतो, कारण गोल व्रण पुढे आक्रसतो.

नंतरचे दिवस सोपे नसतात. त्याच संध्याकाळी उठवून चालवतो, पायांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. चालायचं तेही कमरेत वाकून, आठवडाभर तरी. ड्रेनच्या बाटल्या रोज मोजायच्या. चोवीस तासांत तीस मिलिलिटरच्या खाली आलं की नळी निघते. उभा आणि आडवा छेद मिळतो तिथे जखम थोडी उकलणं नवलाचं नाही, ड्रेसिंगने ती भरते. बेंबीखालचा भाग महिनोन् महिने बधिर राहतो. व्रण आधी लाल, मग आपल्या रंगाच्या कातडीवर तपकिरी, आणि शांत व्हायला वर्ष-दीड वर्ष. हे मी आधीच सांगतो आणि त्याआधी नीट न भरलेल्या व्रणांचे फोटो दाखवतो. चांगले नंतर.

हातांच्या बाबतीत हे सगळ्यात जास्त बोलावं लागतं, कारण काखेपासून कोपरापर्यंतचा व्रण लपत नाही. मध्यंतरी एका शाळेतल्या बाई आल्या होत्या. फळ्यावर लिहायला हात वर केला की दंडाखालची कातडी हलायची आणि मागून मुलं खुसखुसायची. पोटाचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. व्रण दंडाच्या आतल्या बाजूला ठेवायचा की मागे खाली, यावर आम्हा सर्जनांत मतभेद आहेत. मी बहुधा मागे ठेवतो, समोरून दिसत नाही म्हणून. तशी रेघ आखून झाली आणि मग मी म्हटलं, ‘बाई, भिंतीकडे तोंड करा आणि फळ्यावर लिहिता तसा हात फिरवा.’ त्यांनी तारीख, वार, विषय लिहिल्यासारखा हात फिरवला. मी दाराशी जाऊन उभा राहिलो. तिथून सगळी रेघ दिसत होती.

‘दिसते ना?’ त्यांनी न वळता विचारलं.

स्पिरिटच्या बोळ्याने ती पुसली आणि दंडाच्या आतल्या खाचेत नवी आखली. तिथून एक संवेदना देणारी नस जाते, ती सांभाळत जरा जास्त वेळ लागेल, असं सिस्टरला लिहून घ्यायला सांगितलं. बाईंनी पुन्हा हात फिरवून दाखवला. ‘बाही कोपरापर्यंत शिवून घेईन,’ त्या म्हणाल्या, ‘समोरच्यांचं मी बघून घेते.’