उल्हास नदीच्या काठची जुनी होडी

कल्याण सोडून कर्जतच्या गाडींत बसलें कीं उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं तीन स्थानकें अर्ध्या तासाच्या आंत येऊन जातात. रोजच्या प्रवाशाला त्यांत पाहण्यासारखें कांहीं वाटत नाहीं. गेल्या माघांत मात्र आम्ही या तिन्ही ठिकाणीं एकाच दिवशीं उतरलों. निमित्त होतें एका जुन्या होडीचें.

बदलापुरास आमचे एक वयोवृद्ध स्नेही राहतात. त्यांना नदीची फार हौस. वीस-बावीस वर्षांपूर्वीं त्यांनीं फायबरची एक लहानशी होडी घेतली होती. तिला मागें छोटें इंजिन लावावें आणि सकाळच्या प्रहरीं मुलाबाळांसह उल्हासच्या पात्रांत फिरून यावें, हा त्यांचा कित्येक वर्षांचा क्रम. आतां गुडघे साथ देत नाहींत, मुलें परगांवीं आहेत. तेव्हां होडी विकावी असें ठरलें. तिची जिल्हई केव्हांच उडाली होती. ती परत आणावी आणि मगच गिऱ्हाइकास दाखवावी, असें त्यांच्या पुतण्याचें म्हणणें पडलें. सामान घेण्यासाठीं आम्ही दोघे प्रथम उल्हासनगरास उतरलों.

उल्हासनगर हें मुळांत कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तेथील बराकींत जागा मिळाली, आणि १९४९ सालीं या वसाहतीला उल्हासनगर हें नांव मिळालें. वस्तीचे भाग आजहि 'कॅम्प नंबर एक', 'कॅम्प नंबर दोन' असेच ओळखले जातात. ज्यांचीं घरेंदारें मागें राहिलीं त्या माणसांनीं येथें केवढा बाजार उभा केला आहे, हें पाहून थक्क व्हावें. फर्निचरच्या दुकानांतून जुन्या लांकडाला नवें रूप देणारे कारागीरहि आहेत. अशाच एका दुकानांतून आम्हीं निरनिराळ्या नंबरांचे वॉटर पेपर, रबिंगचा डबा आणि मेण घेतलें. दुकानदारानें विचारलें, "ठेवायची आहे कीं विकायची?" विकायची म्हणतांच तो हंसला व म्हणाला, "मग वरवर घासा, साहेब. एवढें पुरतें."

पुढच्या गाडीस वेळ होता, म्हणून अंबरनाथास उतरून शिवालय पाहून आलों. वालधुनी नदीच्या कांठचें हें काळ्या पाषाणाचें देऊळ शिलाहारांचें. त्यांतील लेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा. भिंतींवरील मूर्तींचे हात-पाय अनेक ठिकाणीं भंगले आहेत. गाभारा पायऱ्या उतरून खालीं आहे आणि वर शिखर नसल्यामुळें आकाश दिसतें. झिजलेलें झिजलेलें दिसतें, तुटलेलें तुटलेलें. पुतण्या बराच वेळ त्या मूर्तींकडे पाहत उभा होता. शेजारून वाहणाऱ्या वालधुनीची आजची दशा मात्र पाहवत नाहीं; कारखान्यांनीं आणि गटारांनीं तिचें पाणी काळें केलें आहे.

दुपारीं बदलापूर गांठलें. पूर्वीं येथें प्रवासी घोडे बदलीत, त्यावरून गांवाला हें नांव पडलें अशी समजूत आहे. बोरघाटाच्या माथ्यावरून उतरलेली उल्हास नदी येथून पुढें कल्याणच्या खाडीला मिळते. इ. स. १६५७ त कल्याण-भिवंडी हस्तगत केल्यावर शिवाजी महाराजांनीं आरमाराची पहिली जहाजें त्याच खाडीच्या कांठीं बांधावयास घेतलीं. आमची होडी अर्थात् फार सामान्य. नदीजवळच्या एका अंगणांत ती पालथी घालून ठेवली होती.

फायबरच्या होडीच्या अंगावर राळेचा एक पातळ रंगीत थर असतो. वर्षानुवर्षें उन्हांत राहून तो कोमेजतो आणि हात फिरवला कीं खडूसारखी पूड बोटांना लागते. प्रथम होडी साबणाच्या पाण्यानें धुतली. मग आठशें, हजार, बाराशें असे चढत्या नंबरांचे कागद पाण्यांत भिजवून हलक्या हातानें फिरविले. थर मुळांतच पातळ. जोर केला तर खालचे धागे उघडे पडतात. नंतर रबिंग लावून कापडानें घासलें आणि शेवटीं मेण चढविलें. तीन दिवसांनीं त्या मळक्या अंगांतून मूळचा निळा रंग वर आला. स्नेह्यांच्या पत्नी ओसरीवरून म्हणाल्या, "अगोबाई, ही तर पहिल्या दिवसासारखी दिसते!"

त्याच दिवशीं ती गोष्ट लक्षांत आली. स्नेही हातांतल्या काठीच्या मुठीनें होडीवर सहज ठोकीत चालले होते. सर्वत्र ठणठणीत आवाज येत होता. परंतु इंजिन टांगण्याच्या मागच्या फळीपाशीं तो एकदम बद्द झाला. त्यांनीं पुन्हां ठोकलें. फायबरच्या आंत तेथें प्लायवूडची फळी असते. इंजिनाच्या स्क्रूंच्या भोंकांतून पाणी झिरपून ती आंतल्या आंत कुजली होती. वर एक ओरखडाहि दिसत नव्हता.

पुतण्या हलकेंच म्हणाला, "काका, गिऱ्हाईक उद्यां येणार आहे. फळीचें कशाला बोलायचें? विकत घेणारानें पाहून घ्यावें."

गिऱ्हाईक होता नदीच्या वरच्या अंगाचा एक शेतकरी. त्याला होडी हौसेसाठीं नको होती. २७ जुलै २०१९ रोजीं याच उल्हासच्या पुरांत बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती, आणि सुमारें एक हजार पन्नास प्रवाशांना होड्यांतून सुखरूप बाहेर काढावें लागलें होतें. त्या दिवसापासून आपल्या वाडीला एक तरी होडी असावी, हें त्याच्या मनानें घेतलें होतें.

स्नेही कांहीं वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "अरे, भर पुरांत इंजिन फळीसकट निखळलें तर होडींत बसलेल्यांनीं काय करायचें? त्यांना काय तुझी जिल्हई तारणार आहे?"

दुसऱ्या दिवशीं त्यांनीं शेतकऱ्याला आधीं मागच्या बाजूस नेलें आणि स्वतः काठीनें ठोकून दाखविलें. तो म्हणाला, "तात्या, फळी बदलून द्या, ठरल्या पैशांत घेतों." पुढचे तीन आठवडे त्या कामांत गेले. आंतल्या बाजूचें फायबर कापून काळी पडलेली, चिखलासारखी फळी खरवडून काढली, पोकळी वाळूं दिली, नवें मरीन प्लाय बसविलें आणि त्यावर राळेंत भिजविलेल्या कांचतंतूंच्या कापडाचे थर दिले. स्क्रूंचीं भोंकेंहि या वेळीं नीट बुजविलीं. या खर्चांत विक्रीच्या पैशांतील बराच भाग गेला. शिवाय नव्या जागेचा निळा रंग जुन्याशीं पुरता जुळला नाहीं. मागें एक फिक्कट चौकोन राहिलाच. पुतण्यानें त्यावर एक पट्टा रंगविण्याची तयारी केली. स्नेही म्हणाले, "असूं दे. कोठें काम केलें आहे तें पुढच्या माणसाला कळलें पाहिजे."

होडी न्यायला टेम्पो आला तेव्हां काकूंनीं तिच्या नाळेला हळदकुंकू लावलें. टेम्पो सुरू होण्यापूर्वीं शेतकऱ्यानें त्या फिक्कट चौकोनावर आपल्या मुठीनें दोनदां ठोकलें. आवाज ठणठणीत आला. स्नेह्यांनीं मान हलविली आणि ते घरांत गेले.