उक्तं पेस्टिंग मी बंद केलं

द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीत मजुराचा हात भाजला की आमच्या निफाड भागात एक वाक्य ठरलेलं असतं, 'मोजे दिले होते, घातले नाहीत.' मीही ते बरीच वर्षं म्हणत आलो. त्यात खोटं काही नव्हतं, मोजे खरंच दिलेले असत.

छाटणीनंतर एक-दोन दिवसांत काडीच्या डोळ्यांवर हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लागली पाहिजे, नाहीतर फूट मागेपुढे होते. ९ बाय ५ फुटांवरची बाग धरली तर एकरात साडेनऊशेच्या वर वेली, वेलीला तीसेक काड्या. पेठ-सुरगाण्याकडची टोळी हे काम एकरावर उक्तं घेते. काडी मुठीत धरायची आणि पुसत पुढे सरकायचं. छाटलेल्या टोकांनी पातळ मोजा फाटतो, औषध आत शिरतं आणि घामेजल्या कातडीला तासन्‌तास चिकटून राहतं. असल्या मोज्यापेक्षा उघडा हात बरा, असं कुणाला वाटलं तर ते अडाणीपण नव्हे. शिवाय उक्त्यात मोजा बदलायला, हात धुवायला गेलेला वेळ मजुराच्याच खिशातून जातो.

'पिऊन आला म्हणून त्रास झाला,' हेही आमचं आवडतं. पण हे रसायनच अंगात दारू पचण्याची क्रिया मधे अडवतं. संध्याकाळी घोटभर घेतली तरी तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते. दारू सोडवण्याच्या औषधांत ते याच गुणासाठी वापरलं गेलं. टोळीला हे सांगायचं कुणी? मी तर कधी सांगितलं नव्हतं.

माझं मत खरं हललं ते इटलीबद्दल वाचून. तिथे माणसं आजारी पडली म्हणून २००२ मध्ये या रसायनाचा वापर थांबवला. २००३ मध्ये संरक्षणाच्या कडक अटी घालून पुन्हा परवानगी दिली, तरी नवे रुग्ण आलेच. २००८ मध्ये युरोपीय संघाने मान्यता नाकारली. तिथले शेतकरी मोजे घालायला आळस करत होते, असं म्हणायला माझी जीभ धजली नाही.

पेस्ट मी सोडलेली नाही. निर्यातीच्या बागेत ते धाडस अजून होत नाही. पण हे काम आता रोजावर देतो. कोपरापर्यंतचे जाड मोजे, स्पंज बांधलेला दांडा, ओळीच्या तोंडाशी पाण्याचा ड्रम आणि साबण. एकरी खर्च वाढला. शेजारी म्हणतात, मी मजुरीचा भाव बिघडवला. मुकादमही नाराज आहे, उक्त्यात त्याला जास्त सुटायचं.