निर्झराशेजारीं एक रात्र

निसर्ग दुरून पाहून परतण्याचा प्रघात फार. त्याच्या शेजारीं निजण्याचा योग मात्र क्वचित् येतो. गेल्या भाद्रपदांत आम्ही नातवांसह रतनगडाच्या पायथ्याशीं, प्रवरेच्या उगमप्रदेशांतील रतनवाडीच्या रानांत, एका लहानशा धबधब्यालगत तंबू घेऊन उतरलों. तेथें दिवा नाहीं, नळ नाहीं, भिंतही नाहीं. मुलांना ओढ्याकांठची सपाट जागा पसंत पडली. आकाशही निरभ्र होतें. परंतु गांवचा महादेव कोळी वाटाड्या म्हणाला, "आजोबा, पाऊस पडतो डोंगरावर, लोंढा येतो इथं. अन् या धबधब्याच्या आवाजात तो ऐकूही येत नाही. वर चला." मुलांचा हिरमोड झाला, तथापि आम्ही उंचवट्यावर बिऱ्हाड मांडलें. मध्यरात्रीं माथ्यावर चांदणें होतें, आणि खालची ती जागा पाण्याखालीं गेली होती!

न्यायशास्त्रांत यथार्थ बोलणाऱ्यास 'आप्त' म्हणतात व त्याच्या वचनास प्रमाण मानतात. हें लक्षण आम्ही बाळपणीं पाठ केलें. त्याचें उदाहरण मात्र साठी उलटल्यावर, अनवाणी पायांनीं चालणाऱ्या त्या वाटाड्यांत पाहिलें. वाचकहो, मुलांना रानांत अवश्य न्यावें. परंतु मुक्कामाची जागा तेथल्या माणसास विचारूनच ठरवावी.