जोडी दोघांची, हिशेब सहांचा



आपल्या घरात माशांचा विषय निघाला की कपाळावर आठी येते. पण हल्ली नातवंडांच्या हौसेपायी तो काचेच्या टँकमधून घरात येतोच. विरारला आमच्या एकाच बिल्डिंगमध्ये पाच घरांत टँक आहेत, त्यातली दोन घरं आपल्या जैनांची. त्यातलं एक आमचं. नातू नववीत आहे आणि त्याला सिक्लिड माशांची जोडी जमवायची होती. दीड वर्ष मी हा सगळा कारभार जवळून पाहिला. या छंदात खरा प्रश्न उरलेल्या माशांचा असतो, आणि तो दुकानात कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

सिक्लिड हा माशांचा फार मोठा परिवार. बहुतेक जाती आफ्रिका आणि मध्य-दक्षिण अमेरिकेतल्या. आपल्या देशातल्या मूळच्या फक्त ३. त्यातला एक गोव्यात कालुंदर म्हणून ओळखला जातो, केरळात तोच करीमीन, २०१० पासून त्या राज्याचा राज्यमासा. नातवाने निवडला तो कॉन्व्हिक्ट, मध्य अमेरिकेतला. अंगावर उभे काळे पट्टे, जुन्या सिनेमातल्या कैद्यांच्या कपड्यांसारखे, म्हणून हे नाव. चार-पाच इंचांचा जीव, पण स्वभाव महा तापट! कौतुकाची गोष्ट अशी की यांच्यात आई आणि बाप दोघंही पिल्लं सांभाळतात. नातवाला तेच पाहायचं होतं.

त्याच्या एका मित्राने एका दुकानातून 'तयार जोडी' आणली होती. जोडी कसली, एकमेकांना कधी न पाहिलेले दोन मोठे मासे एका पिशवीत घालून दिले होते. तिसऱ्या दिवशी मादी फिल्टरच्या मागे कोपऱ्यात, पंख फाटलेले. आठवडाभरात गेली. नदीत नर अंगावर आला तर मादी लांब निघून जाते, तो विषय तिथेच मिटतो. टँकमध्ये जायचं कुठे? चारी बाजूंनी काच. मोठे झालेले, आपापली जागा धरून बसलेले दोन मासे एकत्र सोडले की बहुतेक वेळा असंच होतं.

म्हणून जाणकार सांगतात की इंचभराची सहा-आठ पिल्लं एकदम आणावी, एकत्र वाढवावी आणि जोडी त्यांची त्यांना ठरवू द्यावी. लहानपणी नर-मादी ओळखू येत नाहीत. मी बी.कॉम. झालेली, आकडे मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. दोनच पिल्लं घेतली तर एक नर एक मादी निघण्याची शक्यता निम्मी. सहा घेतली तर सगळी एकाच लिंगाची निघण्याची शक्यता ३२ मध्ये १. शिवाय गर्दीत दादागिरी वाटली जाते, एकाच्याच वाट्याला सगळा मार येत नाही.

आम्ही सहा आणली. टँक ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे अडीचशे लिटर पाणी. आत दगड, आडव्या ठेवलेल्या मातीच्या कुंड्या, लपायला भरपूर जागा. सहा महिन्यांत रंग दिसू लागले. या जातीत मादीच्या पोटावर नारिंगी झाक येते, नर मोठा होतो. मग एक दिवस लक्षात आलं की दोघं कायम बरोबर फिरतात. एक कुंडी दोघांनी मिळून तोंडाने घासून साफ केली, खालची खडी उपसली, आणि बाकी चौघांना टँकच्या दुसऱ्या टोकाला पिटाळलं. जमली जोडी! आपल्याकडे पत्रिका जुळवून जमवतात, इथे मुला-मुलींनी परस्पर ठरवलं.

घरात सगळे आनंदात. मी मात्र वही काढली. एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला चार. कारण जोडी जमली त्या दिवसापासून त्या चौघांचं त्या पाण्यात राहणं धोक्याचं. आपल्या दिगंबर परंपरेत तीर्थंकरांच्या मातेला पडलेल्या १६ स्वप्नांत मीनयुगल आहे. श्वेतांबर मैत्रिणींच्या अष्टमंगलांतही आहे. स्वप्नात येतात ते दोनच मासे, घरात मात्र सहा आलेले असतात. उरलेले चारही पंचेंद्रिय जीवच की!

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठ केलेत. बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. त्यातला पहिलाच बंध, जीवाला कोंडून ठेवणं. टँक हा बंधच आहे, त्याला जीवदया म्हणून मी स्वतःची समजूत घालणार नाही. पण मी नाही म्हटलं असतं तर तोच टँक मित्राच्या घरी गेला असता आणि जबाबदारी कोणाचीच राहिली नसती. म्हणून मी अटी घातल्या. जिवंत किडे खायला घालायचे नाहीत. उकडलेला मटार, पालक हे मासे आवडीने खातात. पण वाढत्या पिल्लांना तेवढ्यावर भागत नाही, आणि विकतच्या गोळ्यांच्या डब्यावर बारीक अक्षरांत 'फिश मील' लिहिलेलं असतं. यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. आठवड्याला बदलायचं साठेक लिटर पाणी कुंड्यांतल्या झाडांना जातं, गटारात नाही. आपल्या वसई-विरारमध्ये पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको.

दुसरी अट सगळ्यात कडक होती. उरलेला एकही मासा तलावात सोडायचा नाही. आपल्यात जीव सोडवण्याला अभयदान मानतात, म्हणून हा मोह होतो. इथे तर तलावही जागोजागी. पण तिलापियाचं उदाहरण पाहा. तोही सिक्लिडच. १९५२ मध्ये आफ्रिकेतली एक जात आपल्या देशात आणली, आणि आज ती ठिकठिकाणच्या पाण्यात स्थानिक माशांची जागा बळकावून बसली आहे. एकाला सोडून शंभरांच्या जिवावर उठणं हे अभयदान कसं होईल?

चौघांपैकी तिघांना नातवाच्या शिकवणीच्या सरांकडे मोठ्या टँकमध्ये घर मिळालं. चौथ्यासाठी दीड महिना शोधाशोध केली. तोवर तो वेगळ्या टँकमध्ये होता.

मग अंडी आली, कुंडीच्या आतल्या बाजूला चिकटलेली. तीन दिवसांत फुटली, आणखी पाच-सहा दिवसांत पिल्लं पोहू लागली. संध्याकाळ झाली की आई-बाप एकेका भरकटलेल्या पिल्लाला तोंडात धरून घरी आणून सोडत. ते पाहताना मीही माळ हातात तशीच धरून बसले होते, खोटं कशाला बोलू! पण एका वेळची अंडी शंभराच्या पुढे जाऊ शकतात. दुकानदार अशी पिल्लं घेतात ते बऱ्याचदा मोठ्या माशांना खायला घालायला. हे कळल्यावर नातू स्वतःच म्हणाला, "आजी, दुकानात नाही द्यायची." वाचलेल्या पिल्लांपैकी ४१ जणांना त्याने ओळखीपाळखीत घरं शोधली. टँक केवढा, त्यात आधीचे मासे कोणते, हे विचारूनच द्यायचा. १९ अजून आमच्याकडे आहेत. जोडीच्या मध्ये आता जाळीची काच आहे, पुन्हा अंडी नकोत म्हणून. एकत्र राहायचं त्यांनी ठरवलं होतं, वेगळं आम्ही केलं. तेही बंधाच्याच खात्यात मांडलंय.

तुमच्या घरी नातवंडांनी हट्ट धरला तर आधी त्यांच्या हातात वही द्या. दोघांची जोडी जमली की उरलेले चार कुठे जाणार, आणि पिल्लं झाली तर ती कुठे जाणार, ही नावं लिहून झाली की मग दुकानाची पायरी चढा. रकाना रिकामा राहिला तर टँकही रिकामा राहू दे.