पुढे केलेला हात

दुसऱ्याच्या वहीचं पान फाडलं म्हणून चौथीतल्या एका मुलाच्या तळहातावर मी पट्टी मारली होती. दुसऱ्या दिवशी त्याचा गृहपाठ झालेला नव्हता. मी जवळ गेले आणि काही बोलायच्या आत त्याने हात पुढे केला. हजेरीला 'हजर' म्हणावं इतक्या सहज. आदल्या दिवशी माझ्याकडून तो तेवढंच शिकला होता.

आमची शाळा बीड जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेची. दिवाळीच्या आसपास इथली घरं ऊसतोडीसाठी रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली असते, फडावर जावंच लागतं, ते उन्हाळा लागेपर्यंत. मुलं कधी सोबत जातात, कधी आजीपाशी राहतात. हा आजीपाशी राहिलेला. हे मला ठाऊक होतं, पण हजेरीपटाला ठाऊक असावं तसं. मधल्या सुट्टीत त्याच्याशेजारी पायरीवर बसले, पान का फाडलं ते विचारलं. बराच वेळ तो चपलेच्या अंगठ्याशी खेळत राहिला. मग म्हणाला, "वही संपली होती, बाई. आजीकडं पैसे नसत्यात."

हा प्रश्न मी पट्टी उचलण्याआधी विचारू शकत होते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम मी प्रशिक्षणात वाचलेलं होतं. त्यात शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे. छडी आम्ही बहुतेकांनी खाली ठेवली, पण हे दुसरं कलमात आहे हे सोयीने विसरलो. वर्गाबाहेर उभं करणं, 'तुझी बहीण बघ कशी होती' म्हणणं, सगळ्यांसमोर कमी गुण वाचून दाखवणं, याने वळ उठत नाहीत एवढंच.

पालकही आपल्याला यातून सोडवत नाहीत. "लागंल तेवढं मारा बाई, आमची तक्रार नाही," असं सांगणारी आई मुलाच्या काळजीपोटीच बोलत असते. तिला मी आता एवढंच विचारते, रात्री झोपतो का नीट?

माझ्या हातून पट्टी सुटली तेव्हा पहिले दोन महिने वर्ग हाताबाहेर गेला, हे खरंच सांगायला हवं. हळूहळू हाताला दुसरी कामं लागली. आवाज चढवण्याऐवजी उतरवायचा. गलका असताना हळू बोललं की पुढची रांग गप्प होते आणि मागच्यांना तीच गप्प करते. सकाळी दारात उभं राहायचं, प्रत्येकाला नावाने हाक मारायची. कोण न जेवता आलंय, कोण रडून आलंय, ते परिपाठाआधीच कळतं. वर्गाचे नियम मुलांनी ठरवायचे. आणि मोडलेलं ज्याने मोडलं त्याने सांधायचं. त्या मुलाने ते फाटलेलं पान पुन्हा लिहून दिलं. कार्यालयातल्या पाठकोऱ्या कागदांची वही शिवून आम्ही त्यालाही दिली. आता तशा वह्यांचा गठ्ठा कपाटात खालच्या कप्प्यात असतो. कुणीही घ्यावी, विचारायचं कारण नाही.

या कामात मला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक नेहमी आठवतात. भावनगरला शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करून त्या पुढे १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, तिथून कोसबाडला. वारली मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे कळल्यावर ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणात नेली. गैरहजेरीचं कारण विचारलं आणि त्या उत्तराप्रमाणे स्वतः बदलल्या. माझ्या कामात मला याहून अवघड काही माहीत नाही. पन्नास मिनिटांची तासिका, चाळीस मुलं, वर ऑनलाइन माहिती भरायची घाई. कारण विचारायला दोन मिनिटं लागतात आणि नेमकी तीच हाताशी नसतात. कित्येकदा मी चुकते. तेव्हा वर्गासमोर 'माझं चुकलं' म्हणते, आणि मुलं ते फार लक्ष देऊन ऐकतात.

यंदा जूनमध्ये दुसऱ्या शाळेतून एक मुलगी आली. पहिल्या बाकावर बसते. फळा पुसायला मी हात वर केला की ती डोळे घट्ट मिटते. म्हणून सध्या फळा पुसायचं काम तिच्याकडे दिलंय.