तीन काट्यांचा बाप

युरोपातील ओढ्या-डबक्यांत करंगळीएवढा एक मासा सर्रास आढळतो. त्याचे नाव स्टिकलबॅक. ओळखायला सोपा. पाठीवर मऊ पराच्या पुढे तीन सुटे काटे. अंगावर खवले नाहीत, त्याऐवजी कुशींना हाडांच्या पट्ट्या. नऊ-दहा काटे दिसले तर तो याचा भाऊबंद समजावा. आपल्या मार्कंडेय नदीत तो नाही. मला तो भेटला प्राणिशास्त्राच्या पुस्तकात.

वसंत ऋतू आला की नराचा गळा नि पोट लालभडक होते. तो तळाशी खड्डा करतो, पाणवनस्पतींचे तंतू आणतो आणि मूत्रपिंडातून स्रवणाऱ्या चिकट द्रवाने ते सांधून घरटे बांधतो. नागमोडी नाच करून मादीला आत नेतो. मादी अंडी घालते आणि निघून जाते. पुढचा संसार एकट्या बापाचा! घरट्याच्या तोंडाशी राहून तो परांनी पाणी आत ढकलतो, म्हणजे अंड्यांना प्राणवायू मिळतो. आठवडाभराने पिल्ले निघतात. एखादे भरकटलेच, तर त्याला तोंडात धरून परत आणून सोडतो.

निको टिंबर्गेन या डच शास्त्रज्ञांनी या माशाचा बारकाईने अभ्यास केला. 1973 चे नोबेल पारितोषिक त्यांना कार्ल फॉन फ्रिश व कोनराड लोरेन्झ यांच्यासमवेत मिळाले. हुबेहूब माशासारख्या, पण लाली नसलेल्या पुतळ्याकडे नर फारसे लक्ष देत नसे. ओबडधोबड तुकड्याला खालून लाल रंग दिला की त्यावर तुटून पडे. खिडकीबाहेरून टपालाची लाल गाडी गेली, तरी टाकीतले नर तिच्या दिशेने धावत! म्हणूनच आमचे प्राध्यापक बजावतात, "यात माया शोधू नका. ही उपजत प्रवृत्ती."

ते मला पटते. तरी वाचताना अप्पा डोळ्यांपुढे येत होते. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा, बहीण तीन वर्षांची. "पुरुषमाणसाला पोरं सांभाळणं जमतंय काय?" म्हणत आत्या तिला न्यायला आली. अप्पा एवढेच म्हणाले, "अक्का, पोरं हितंच ऱ्हातील." मग मागावरचे हात भाकरी थापायला लागले. भाकरीचे नकाशे होत, बोटे पोळत. वेणी घालायला ते शेजारच्या काकूंकडून शिकले, तेही गल्लीतल्या बायका हसत असताना.

माशाला सारे उपजत येते. अप्पांना यातले काहीच येत नव्हते. ते एकेक शिकले. माशाचे मला कौतुक वाटते. अप्पांना मात्र नमस्कार करावासा वाटतो.