तबल्याला हात

मंडळी, निवृत्तीनंतर माणसं काय काय करतात! कोणी गच्चीवर भाजीपाला लावतं, कोणी वंशावळ शोधतं. मी वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी तबला दुरुस्त केला. असलं काम करण्याची ही पहिलीच वेळ. त्याआधी माझी कारागिरी स्वेटर आणि प्रगतिपुस्तकं यापलीकडे गेली नव्हती.

तबला-डग्ग्याची ही जोडी आमच्या अण्णांची. गुलमंडीजवळच्या भाड्याच्या वाड्यात दर गुरुवारी भजन असे आणि अण्णा तबल्याला बसत. १९९१ साली ते गेले, तेव्हापासून जोडी गोधडीत गुंडाळून माळ्यावर होती. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, आम्ही दोन घरं बदलली, पण गोधडी काही सुटली नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात घर रंगवायला काढलं आणि ती खाली आली. डग्ग्यावर हिरवा थर, वाद्या वाळून तडकलेल्या, तबल्याच्या पुडीला उभी चीर, शाईचे कपचे निघालेले, खोडाला किडीची बारीक भोकं. धाकट्या भावाने फोनवरच निकाल दिला, "ताई, नवी जोडी मिळते. कशाला त्रास घेतेस?"

मला मात्र हीच जोडी नीट करायची होती. कारण सांगते. या तबल्याला कोणी हात लावायचा, हे आमच्या घरात ठरलेलं होतं. अण्णा अहमदजान थिरकवाखाँसाहेबांचं नाव घेताना कानाची पाळी धरत. खाँसाहेब बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत साथीला होते, हे आम्हा भावंडांना पाढ्यांसारखं पाठ होतं. पण मी तबल्याजवळ गेले की ठरलेलं वाक्य यायचं, "मुलींनी पेटी शिकावी." भाऊ तबला शिकला आणि चार महिन्यांत कंटाळला. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मांडीवर बोटं वाजवत असे. माझ्याहून दहाच वर्षांनी मोठ्या असलेल्या मुंबईच्या आबान मिस्त्री (१९४०–२०१२) स्वतंत्र तबलावादन करतात, हे मला कळलं तेव्हा माझी निम्मी नोकरी झाली होती!

दुसरे हात कारागिराचे. नवरात्राच्या आधी एक गृहस्थ तबल्याचं काम करायला येत. ते अंगणातल्या कडुनिंबाखाली बसत. त्यांचा कप वेगळा, कोनाड्यात पालथा घातलेला. कातड्याचं काम करणारे म्हणून ते गेले की आई त्या जागेवर पाणी शिंपडायची, चार थेंब तबल्यावरही. आणि दसऱ्याला त्याच तबल्याला हळदकुंकू! घरात कोणालाच त्यात वावगं वाटत नसे. वाजवणाऱ्या उस्तादांसाठी कानाची पाळी, आणि बनवणाऱ्यासाठी पालथा कप.

तर, कामाला लागले. आधी गठ्ठे काढले. हे लाकडी ठोकळे आठ असतात, माझ्याकडे सातच निघाले. मग वाद्या सोडवल्या आणि पुड्या उतरवल्या. पुडी उतरवल्याशिवाय डग्गा घासायला घ्यायचा नाही, कातड्याला ओल सोसत नाही. डग्गा तांब्याचा. चिंच-मिठाने घासला तसा देवघरातल्या तांब्यासारखा लखलखला. तबल्याचं खोड शिसवीचं. ते ब्रशने झाडलं, भोकांत लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल भरला, वाळल्यावर पॉलिश पेपर मारला आणि वरून जवसाच्या तेलाचे दोन हात दिले. आठवडाभर घरात तेलाचा वास होता. नातू म्हणाला, "आजी, चटणी केलीस का?"

इथवर मला जमलं. पुडी मात्र घरी होणारी गोष्ट नाही. चौकशी करत जुन्या शहरातल्या एका कारागिरांकडे गेले. त्यांनी खोड बोटांनी ठोकून पाहिलं, कानाशी नेलं आणि म्हणाले, "बाई, पुडी गेली. खोड जिवंत आहे."

मी पुडी वाचवण्याची गळ घातली. तिच्या चाटेवर, म्हणजे कडेच्या पट्टीवर, अण्णांच्या तर्जनीने काळपट झालेला एक ठसा होता. तोच तर मला हवा होता. ते हसले. "रोजच्या वाजवण्यात पुडी किती दिवस टिकणार? तुमच्या वडिलांनी अशा कितीतरी बदलल्या असतील. ही शेवटची, एवढंच."

खरंच की! दरवर्षी कडुनिंबाखाली ते गृहस्थ येत ते कशासाठी? वारसा म्हणून मी जे धरून बसले होते ते बदलण्यासाठीच होतं. पिढ्यान्‌पिढ्या टिकतं ते लाकूड. आवाज दर वेळी नव्याने कोणीतरी घडवून द्यावा लागतो.

तो घडताना मी पाहिला. बकऱ्याच्या कातड्यावर लोखंडाची भुकटी आणि खळ यांचा पातळ थर द्यायचा, गुळगुळीत दगडाने घोटायचा, वाळू द्यायचा, की पुढचा थर. घोटता घोटता शाईत डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा भेगांची जाळी पडते, ती हवीच असते. साध्या ढोलाचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत. मधल्या या वजनामुळे तबल्याचे जुळतात आणि त्यातून स्वर निघतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये यावर लिहिलं होतं. कारागिरांना सांगितलं तर म्हणाले, "नोबेलवाले ना? बरोबर लिहिलंय त्यांनी." मी शिक्षिका असूनही इतक्या थोडक्यात कधी पेपर तपासला नाही.

वाद्या ओढताना त्यांनी एक टोक माझ्या हातात दिलं. ताकद लागते हो! मध्ये चहा आला, दोघांना सारख्याच कपात. सहज विचारलं, तुमच्याकडचं कोणी गुलमंडीला यायचं का? "आजोबा जायचे. एका वाड्यातल्या कडुनिंबाच्या सावलीचं सांगायचे." पाण्याचं ते काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. चहा मात्र घशाखाली उतरेना.

मग हातोडी माझ्याकडे दिली. गठ्ठा खाली सरकवला की स्वर चढतो, वर घेतला की उतरतो. गजऱ्यावर हलके ठोके देत सोळा घरं एका स्वरात आणायची. तासाभराने 'ना' काळी एकला मिळाला.

आता आठवड्यातून दोनदा मी क्लासला जाते. वर्गातले बाकीचे विद्यार्थी दहा-बारा वर्षांचे आहेत आणि माझ्यापेक्षा लयीत पक्के. दिवाळीला भाऊ आला, त्याने दोन थापा मारल्या आणि डोळे पुसले. "अण्णांचाच आवाज," म्हणाला. मी वाद घातला नाही.

असो. तुमच्याही माळ्यावर अशी जोडी असेल तर खोड ठोकून बघा. तडा गेलेला नसेल तर घाबरू नका. एक मात्र करा, पुडी घालणाऱ्याचं नाव विचारून लिहून ठेवा. आमच्याकडे वर्षानुवर्षं येणाऱ्या त्या गृहस्थांचं नाव घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. नातवाकडून विचारून घेतलं. तबल्याच्या गवसणीत एक पुठ्ठा असतो, त्यावर अण्णांच्या नावाखाली आता तेही आहे.